जुनी काठी, कोरीव लाकूड: खरेदीपासून कपाटापर्यंतचा क्रम

जुनी काठी किंवा कोरीव लाकडी वस्तू घरी आली की बहुतेकजण पहिल्याच संध्याकाळी ती ओल्या फडक्यानं पुसतात, जवसाचं नाहीतर खोबरेल तेल चोळतात आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवतात. पाण्यानं जुनं पॉलिश पांढरं पडतं. तेलात धूळ कायमची बसते. टेकवून ठेवलेली काठी दोन उन्हाळ्यांत वाकते. आत कीड असेल तर ती तोवर घरातल्या बांबूच्या आणि प्लायवूडच्या सामानात शिरलेली असते.

पाहणी, कायदा, विलगीकरण, नोंद, कीडनाश, सफाई, डागडुजी, मेण, साठवण हा क्रम ठेवा. सफाईचा नंबर सहावा आहे, आणि तो पुढे ओढला की बाकीचं सगळं बिघडतं.

आधी जमवायचं सामान

दहापट मोठं दाखवणारं भिंग, ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च, लहान चुंबक, शिंप्याची टेप, एक इंची मऊ केसांचा ब्रश, कापसाच्या काड्या, धुतलेली सुती फडकी, जाड पारदर्शक पॉलिथिन, पांढरे कागद, मिनरल टर्पेंटाइन आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र. यंत्र सोडलं तर बाकी बहुतेक वस्तू रंगाच्या आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

तपासा: आर्द्रतेचं नवं यंत्र कितपत खरं बोलतं ते आधी पाहा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ते ओलसर करा, पण विरघळू देऊ नका. झाकण आणि यंत्र एकाच झिपच्या पिशवीत बंद करून १२ तास ठेवा. आकडा ७५ टक्के यायला हवा. ७० आला तर पुढे प्रत्येक वाचनात ५ मिळवा.

## १. घेण्याआधीची पाहणी: खालून वर

काठीची किंमत तिच्या मुठीवर ठरते आणि नजरही तिथेच अडकते. म्हणून काठी टोकाकडून पाहायला घ्या, मूठ शेवटी.

टोक. खरोखर वापरलेल्या काठीची टोकाची टोपी एका बाजूनं तिरकी झिजलेली असते, कारण चालताना काठी नेहमी थोडी कललेली टेकते. सगळीकडून सारखी गोल झीज दिसली तर ती कानशीनं केलेली असण्याची शक्यता आहे. फार जुन्या विलायती काठ्यांच्या पितळी टोप्या चांगल्या चार-सहा इंच लांब असत आणि शेवटी लोखंडी बूड असे. नंतरच्या टोप्या इंच-दीड इंचाच्या आहेत. चुंबक लावून पितळेखाली लोखंड आहे का ते पाहा.

लांबी. पुरुषांची जुनी काठी साधारण ८८ ते ९३ सेंटिमीटरची असते. ८० च्या आसपास असून टोपी नवी असेल तर ती कुणाच्या तरी उंचीप्रमाणे कापलेली आहे. अशी काठी घ्यायला हरकत नाही, पण भाव त्याप्रमाणे उतरला पाहिजे.

दांडा. इथे लाकूड ओळखणं महत्त्वाचं. मलाक्का वेत हलका, तपकिरी, गाठींशिवाय लांबच लांब जातो आणि त्याच्या एका बाजूनं बारीक उंचवट्याची धार जाते. आपल्याकडचा भरीव मानवेल बांबू गाठींवरून लगेच कळतो. काळ्या दांड्याला विक्रेता सरसकट 'आबनूस' म्हणतो. आबनूस हे तेंदूच्याच कुळातलं लाकूड आहे आणि विदर्भातल्या जुन्या तेंदूच्या गाभ्याचं लाकूडही काळंच निघतं, तेव्हा दावा खोटाच असतो असं नाही. पण टोपीच्या कडेशी किंवा एखाद्या ओरखड्यात भिंगानं पाहा. आत फिकट लाकूड दिसलं तर दांडा रंगवलेला आहे. शिवाय आबनूस हातात जड लागतो. शेवटी काठी काचेच्या टेबलावर लोळवा. वाक असेल तर ती अडखळत फिरते.

कडं. मुठीखालच्या धातूच्या कड्यावर भिंग धरा. इंग्लंडमधल्या चांदीवर चालत्या सिंहाची खूण असते, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर किंवा लंडनचं बिबट्याचं डोकं असतं, आणि सोबत वर्षाचं अक्षर. 'ई.पी.एन.एस.' असं कोरलेलं असेल तर वर फक्त चांदीचा मुलामा आहे. भारतीय कामावर बहुधा कुठलीच खूण नसते, म्हणून खूण नाही एवढ्यावरून माल नाकारू नका.

मूठ. अंगठा आणि तळवा जिथे टेकतो तिथली कोरीव रेघ बोथट झालेली असावी आणि खाचांत ती धारदार उरलेली असावी. सगळीकडे सारखीच गुळगुळीत असेल तर ती यंत्रावर घासलेली. खाचांतला मळ नखानं हलका टोकरा: जुना मळ कडक असतो, बूट पॉलिशचा मऊ निघतो आणि वास सोडतो. लाखेचं जुनं पॉलिश यूव्ही टॉर्चखाली नारिंगी चमकतं. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकाआधीचा असू शकत नाही.

पेचानं तीन तुकड्यांत उघडणाऱ्या, पितळी सिंहाच्या तोंडाच्या किंवा होकायंत्र बसवलेल्या काठ्या नागपुरात सगळीकडे 'ब्रिटिश जमान्याच्या' म्हणून दाखवल्या जातात. तो भेटवस्तूंचा नवा माल आहे. आवडला तर नव्याच्या भावानं घ्या.

तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं दोरीनं ओढत नेतात ते, लाकडी नंदी. नागपूरकर संग्राहकासाठी याहून चांगली सुरुवात नाही. वाडे रिकामे होतात तेव्हा माळ्यावरचे नंदी कबाड्याकडे जातात. चाकाच्या आसाचं भोक ओढून ओढून लांबट झालेलं आहे का, गळ्याशी दोरीचा घासा आहे का, पायांच्या खालच्या कडा झिजल्या आहेत का, हे बघा. दरवर्षी नवा रंग लागलेला असल्यामुळे टवका उडालेल्या जागी भिंगाखाली रंगांचे थर एकाखाली एक दिसतात. एकच थर आणि त्याखाली कोरं लाकूड असेल तर नंदी जुना नाही, किंवा कुणीतरी तो खरवडला आहे. दुसरी शक्यता जास्त वाईट, कारण ते थर परत येत नाहीत.

## २. कायदा: पैसे देण्याआधी

हा टप्पा वगळणारे सगळ्यात जास्त अडचणीत येतात.

हस्तिदंत आणि शिंगं. मध्य भारतातल्या जुन्या काठ्यांना सांबराच्या किंवा चितळाच्या शिंगाची मूठ सर्रास सापडते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली तिची खरेदी-विक्री चालत नाही. शिंग जंगलात गळून पडलेलं होतं, वस्तू शंभर वर्षं जुनी आहे, ही कारणं टिकत नाहीत. हस्तिदंताचंही तेच. घरात वारशानं आलेली अशी वस्तू असेल तर वन विभागात विचारा. विकायला काढू नका.

ओळख अशी. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. हाडावर बारीक काळपट ठिपके आणि आखूड रेषा असतात. सेल्युलॉइडमध्ये, म्हणजे हस्तिदंताची नक्कल करणाऱ्या जुन्या प्लास्टिकमध्ये, समांतर, एकसारख्या पट्ट्या असतात.

सावधान: तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला बरेच विक्रेते देतात. सेल्युलॉइड भडकन पेटतं. सुई वापरू नका.

गुप्ती. दांडा आणि मूठ वेगळे होऊन आत पातं निघालं तर ती शस्त्र कायद्याच्या कक्षेत येणारी वस्तू आहे. पोलीस ठाण्यात विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि गाडीच्या डिकीत टाकून फिरू तर नकाच. दुकानात मूठ पिरगाळून पाहायची तर विक्रेत्यालाच पिरगाळायला सांगा.

शंभर वर्षांची रेघ. शंभर वर्षांहून जुनं कोरीव काम हे पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ खाली येतं. लाकडी मूर्ती, उठावातलं असो वा पूर्ण घडवलेलं शिल्प, त्याची नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते आणि मालकी बदलली की तेही कळवावं लागतं. अशा वस्तू विकण्याचा धंदा करणाऱ्याकडे परवाना हवा. देशाबाहेर त्या खासगी माणसाला पाठवताच येत नाहीत. अमेरिकेतल्या मुलाला भेट म्हणूनसुद्धा नाही. देवळातून निघालेली चौकट, खांब किंवा मूर्ती कुणी दाखवली आणि ती कुठून आली ते सांगेना, तर तिथून उठा.

तपासा: पावतीवर वस्तूचं वर्णन, लांबी, साहित्य, तारीख आणि विक्रेत्याची सही आहे का? 'लकडी का सामान, एक नग' अशी पावती कुठेच कामाला येत नाही.

## ३. विलगीकरण

वस्तू घरात आली की थेट पांढऱ्या कागदावर, वेगळ्या खोलीत. ओलसर वाटली तर आधी आठवडाभर सावलीत, पंखा न लावता सुकू द्या. मग कागदासकट पारदर्शक पॉलिथिनमध्ये गुंडाळा. पावसाळ्यात ओलं लाकूड पिशवीत कोंडलं तर चारच दिवसांत बुरशी धरते.

किमान चार आठवडे थांबा. थंडीत कीड सुस्त असते, म्हणून नोव्हेंबर ते जानेवारीत आणलेली वस्तू आठ आठवडे ठेवा. दर आठवड्याला ती हलकेच ठोका आणि कागद पाहा:

- मैद्यासारखी मऊ पूड आणि १–२ मिलिमीटरची भोकं: पूड पाडणारा भुंगेरा. बांबू आणि लाकडाचा बाहेरचा फिकट भाग त्याला आवडतो.
- खसखशीएवढे टणक कण, भिंगाखाली सहा बाजूंचे: सुक्या लाकडातली वाळवी.
- काहीच नाही, भोकांच्या कडा काळपट आणि मळलेल्या: कीड जुनी, बहुधा मेलेली.

भोकांच्या कडा फिकट आणि ताज्या असतील तर कागद कोरा असला तरी कीड जिवंत धरा.

## ४. नोंद

सफाईआधी फोटो: चारही बाजू, टोक, कडं, मूठ, प्रत्येक तडा, शेजारी मोजपट्टी ठेवून. लांबी, मुठीची रुंदी, टोपीची लांबी, वजन, कुठून आणि कितीला घेतली, हे वहीत लिहा. क्रमांकाची कागदी चिठ्ठी सुती दोऱ्यानं बांधा. स्टिकर नको, त्याचा डिंक पॉलिश उचलतो. मार्करनं लाकडावर लिहूही नका.

## ५. कीडनाश

प्रचलित उपाय तीन, आणि तिन्ही चुकीचे. मे महिन्याच्या उन्हात वस्तू टाकली तर वरचा पृष्ठभाग भराभर सुकून तडकतो आणि आतली अळी जिवंत राहते. रॉकेल चोळलं तर डाग आणि वास राहतो, पण ते खोल जात नाही. डांबरगोळ्यांची वाफ काही जुनी पॉलिशं आणि प्लास्टिक मऊ करते आणि बंद खोलीत माणसांनाही बाधते.

गोठवणं हे रंग नसलेल्या, एकाच लाकडाच्या वस्तूसाठी.

१. वस्तू सुती फडक्यात, मग पॉलिथिनमध्ये गुंडाळा. हवा दाबून काढा आणि टेपनं पक्कं बंद करा.
२. खोलीच्या तापमानाची वस्तू सरळ उणे १८ ते २० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा. आधी साध्या फ्रिजमध्ये ठेवून हळूहळू थंड केली तर किड्याला सरावाला वेळ मिळतो.
३. दोन आठवडे तशीच राहू द्या. मध्ये बराच वेळ वीज गेली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा.
४. बाहेर काढल्यावर पूर्ण २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर दव थेट लाकडावर जमतं.

घरच्या फ्रिजच्या फ्रीझरमध्ये काठी मावत नाही. वर झाकण असलेला मोठा डीप फ्रीझर लागतो, आणि त्यात काठी तिरकी मावते का ते आधी टेपनं मोजा.

ऑक्सिजन काढून घेणं हे रंगवलेले नंदी, जडावाचं काम, चिकटवलेली मूठ आणि धातूसोबतच्या लाकडासाठी. यांना गोठवलं तर प्रत्येक साहित्य वेगवेगळ्या मापानं आकसतं आणि रंग उडतो. ॲल्युमिनियमचा थर असलेल्या जाड पिशवीत वस्तू आणि ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या ठेवा आणि तोंड गरम पट्टीनं सील करा. किमान तीन आठवडे, २५ अंशांच्या वर. या कामाला मार्च-एप्रिलचं नागपूर उत्तम. साधं पॉलिथिन ऑक्सिजन आत येऊ देतं, त्यात हा उपाय फसतो.

तपासा: उपायानंतर परत पांढऱ्या कागदावर चार आठवडे. पूड पडली तर उपाय पुन्हा.

## ६. सफाई

कोरड्यानं सुरुवात. ब्रशनं वरून खाली धूळ झटका आणि दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची नळी, तोंडाला जाळीचं कापड बांधून, म्हणजे निखळलेला तुकडा आत ओढला जाणार नाही. पुष्कळ वस्तूंना एवढंच पुरतं. खरं तर इथे थांबता येणं ही संग्राहकाची मोठी शिस्त आहे.

चिकट मळ उरला तर आडजागी कापसाच्या काडीवर मिनरल टर्पेंटाइन घेऊन चाचणी करा. काडीवर तपकिरी मळ आला आणि चमक तशीच राहिली तर बोटभर जागा पुसायची, लगेच कोरड्या फडक्यानं टिपायची, मग पुढची.

सावधान: दुकानात 'स्पिरिट द्या' म्हटलं तर पॉलिशवाल्याचं स्पिरिट मिळतं. ते अल्कोहोल आहे आणि लाखेचं जुनं पॉलिश त्यात क्षणात विरघळतं. डबीवर मिनरल टर्पेंटाइन किंवा एम.टी.ओ. लिहिलेलं वाचूनच घ्या. काम उघड्या खिडकीशी करा, आसपास ज्योत नको.

नंदीवरचे इनॅमलचे थर थिनरनं काढून 'मूळ लाकूड' बाहेर आणण्याचा मोह आवरा. पॉलिश पेपर तर कुठल्याच वस्तूला लावू नका.

चांदी-पितळेचं कडं उजळताना खालचं लाकूड सेलोफेननं झाका. चांदीसाठी बारीक खडूची पूड आणि पाण्याचा एखादा थेंब, मऊ कापडानं. चिंच, लिंबू-मीठ, टूथपेस्ट वापरू नका. आंबट रस कडं आणि लाकूड यांच्या सांध्यात उतरतो आणि काही महिन्यांनी तिथून हिरवा गंज बाहेर येतो.

## ७. डागडुजी

जे उद्या सोडवता येईल तेच आज चिकटवा. सैल मुठीसाठी सुताराचा सरस: एक भाग सरस, दोन भाग थंड पाणी, रात्रभर भिजवा. दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात भांडं ठेवून ६० अंशांपर्यंत तापवा. उकळला की त्याची पकड जाते. सांध्यातला जुना सरस कोमट ओल्या काडीनं काढा, नवा पातळ लावा, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून २४ तास ठेवा. अराल्डाइट किंवा फेव्हिकॉल लावलेली मूठ पुढे कधी उघडावी लागली तर लाकूड फाटूनच निघते.

किडीनं पोखरून भुसभुशीत झालेल्या जागी पॅरालॉइड बी-७२ हे राळेसारखं द्रव्य वापरतात. ५ ग्रॅम दाणे १०० मिलिलिटर ॲसिटोनमध्ये विरघळवून सिरिंजनं भोकांत थेंब थेंब सोडा. दोन दिवस वाळू द्या, मग गरज असेल तर १० ग्रॅमचं द्रावण. पहिल्याच वेळी घट्ट द्रावण सोडलं तर ते तोंडाशीच गोठतं आणि आतला भाग भुसभुशीतच राहतो. ॲसिटोन लाखेचं पॉलिशही विरघळवतं, म्हणून ओघळ लगेच टिपा. ही जागा पॉलिशच्या मधोमध असेल तर काम जाणकाराकडे द्या.

सुकलेली चीर लांबीवर असेल आणि मूठ हलत नसेल तर ती भरू नका. उन्हाळ्यात उघडणारी चीर पावसाळ्यात मिटते. पुट्टी भरली तर मिटायला जागा राहत नाही आणि शेजारी नवी चीर पडते.

## ८. मेण

नुसतं मधमाशीचं मेण नागपूरच्या मे महिन्यात चिकट होतं आणि धूळ धरतं. तयार मायक्रोक्रिस्टलाइन मेण (खनिज तेलापासून केलेलं) मिळालं तर तेच घ्या. घरी करायचं तर १०० ग्रॅम मधमाशीचं मेण आणि २५ ग्रॅम कार्नोबा मेण (झाडाच्या पानांपासूनचं कडक मेण) गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा. गॅस बंद करा, भांडं दुसऱ्या खोलीत न्या आणि मगच ३०० मिलिलिटर टर्पेंटाइन ढवळत घाला.

फडक्यावर वाटाण्याएवढं घ्या, पातळ पसरा, २० मिनिटांनी कोरड्या फडक्यानं घासा. वर्षाला एकदा पुरे. बोट ओढल्यावर रेघ उमटली तर जास्त झालं आहे. रंग सुटणाऱ्या नंदीला आणि पॉलिश नसलेल्या कोऱ्या कोरीव कामाला मेण लावू नका.

जवसाचं तेल कुठल्याच टप्प्यावर नाही. ते काळवंडतं, पुन्हा निघत नाही, आणि त्यात भिजलेले बोळे ढिगात टाकले तर आपोआप पेटू शकतात.

## ९. नागपूरच्या हवेत साठवण

लाकडाला उन्हापेक्षा झटक्यानं बदलणारी हवा जास्त सोसत नाही. मे महिन्यात बाहेरची आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते. त्यात दुपारी डेझर्ट कूलर सुरू झाला की खोली तासाभरात ६०–७० वर चढते आणि बंद केला की परत कोरडी. हा चढ-उतार रोज, दोन-अडीच महिने चालतो. मग जुलैपासून ८० च्या वर. जुन्या काठ्यांची कडी सैल होतात, जडावाचे तुकडे निखळतात, ते बहुतेक याच काळात.

- कूलर असलेल्या खोलीत संग्रह ठेवू नका. दुसरी खोलीच नसेल तर काचेचं, बंद दारांचं कपाट, कूलरच्या झोतापासून दूर.
- पश्चिमेची आणि गच्चीखालची भिंत टाळा. घराच्या मधली भिंत चांगली.
- कपाटात आर्द्रता ४५ ते ६० मध्ये आणि शक्य तितकी स्थिर ठेवा. ६५ च्या वर राहू लागली की सिलिका जेलच्या पिशव्या घाला आणि ५० वर आली की काढा. उन्हाळ्यात जेल ठेवूच नका.
- काठ्या आडव्या, तीन ठिकाणी सुती गादीचा आधार देऊन. उभ्या ठेवायच्याच तर मुठीखाली धरणाऱ्या खाचेत, दांड्यावर भार न देता.
- सेल्युलॉइडच्या मुठी वेगळ्या, हवेशीर आणि घरातल्या सगळ्यात थंड जागी. जुनं सेल्युलॉइड आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारचं धातूकाम खातं.

वर्षातून दोन वेळा सगळं बाहेर काढून पाहा: जूनच्या पहिल्या पावसाआधी आणि दसऱ्याच्या सुमारास. तान्ह्या पोळ्याला मुलांच्या हाती जुना नंदी द्यायचा असेल तर नव्या रंगाचा हात न मारता द्या. सजावट कागदाची आणि दोऱ्यानं बांधलेली असू दे, डिंकानं चिकटवलेली नको. परत आल्यावर गुलाल आणि कुंकू कोरड्या ब्रशनं झटका, कारण ओलं फडकं लागलं की लाल डाग जुन्या रंगात उतरतो. कपाटातल्या कागदावर कुठेही ताजी पूड दिसली तर ती वस्तू आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या वस्तू त्याच दिवशी तिसऱ्या टप्प्यावर परत न्या.